१ ऑगस्ट : एका तारखेची वही

रानवाट :

माझा वाढदिवस १ ऑगस्ट. लहानपणी पेपरातलं दिनविशेष उघडलं की माझ्या तारखेला पहिल्या दोन ओळी ठरलेल्या, लोकमान्य टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती. मला तेव्हा पहिल्या ओळीचं वाईट वाटायचं, आपल्या वाढदिवशी कोणाची तरी पुण्यतिथी का असावी असं काहीतरी. बरीच वर्षं मी त्या दोन ओळी एकाखाली एक वाचत आले आणि वर्षाकडे कधी लक्षच गेलं नाही. कॉलेजात असताना एकदा दोन्हीकडे १९२० दिसलं आणि मी थबकलेच. म्हणजे नुसती तारीख एक नाही तर दिवसच एक, रविवार १ ऑगस्ट १९२०. मुंबईत सरदारगृहात टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे नावाचं मूल जन्माला आलं, ज्याला पुढे सगळे अण्णा भाऊ म्हणू लागले.

मग कळलं की त्या दिवसाला तिसरा पदरही आहे. असहकाराची सुरुवात गांधीजींनी १ ऑगस्ट १९२० ला करायची असं आधीच जाहीर केलेलं होतं. त्याच तारखेचं त्यांचं व्हाइसरॉयला लिहिलेलं पत्र आहे, त्यात त्यांनी कैसर-ए-हिंद पदक आणि बोअर युद्ध, झुलू युद्ध यातल्या सेवेची पदकं परत केली. आणि त्याच दिवशी ते टिळकांच्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला होते. हे सगळं एका दिवसात! ऑगस्टमधला पाऊस, चौपाटीकडे निघालेली लाखोंची गर्दी, एक पर्व चितेवर आणि दुसरं सुरू झालेलं, आणि तिकडे वाळवा तालुक्यातल्या एका गावात मांगवाड्यातल्या एका घरात बाळंतपण, ज्याची त्या दिवशी घराबाहेर कोणी दखल घ्यायचं कारण नव्हतं. ज्या शहरात ती चिता पेटली त्याच शहरात तो मुलगा पुढे आई-बापाबरोबर पायी चालत आला, गिरणीत राबला, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला माणूस शाहीर झाला, कथा कादंबऱ्या लिहिल्या.

तेव्हापासून मी एक वही केलीय. फक्त १ ऑगस्टची. जे सापडेल ते लिहीत जायचं, पण नियम एक, नुसती ओळ लिहायची नाही. अमुक जन्म, तमुक मृत्यू, तमुक करार असं लिहिलं की सगळं सारखंच दिसायला लागतं, राणीचं मरण आणि टीव्ही चॅनलचं उद्घाटन एकाच मापाचं. त्या दिवशी ते कोणावर कसं गुदरलं, किती वाजता, कुठे, हे शोधून मगच वहीत घ्यायचं. त्यामुळे वही हळूहळू भरतेय, पण जे आहे ते मनात राहिलंय.

थोडं सांगते. १७७४ साली याच तारखेला जोसेफ प्रीस्टलीने पाऱ्याच्या लाल भस्मावर बारा इंची भिंगातून ऊन पाडलं आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती भसकन जोरात जळाली. तो ऑक्सिजन. प्रीस्टलीला त्या दिवशी आपल्या हातात काय आलंय ते समजलं नव्हतं, पुढच्या वर्षीपर्यंत तो त्यावर विचार करत होता. १९१४ ला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते याच दिवशी संध्याकाळी, खलिता द्यायला गेलेल्या जर्मन राजदूताला म्हणे रडू आवरलं नाही. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकचं उद्घाटन. १९२७ ला चीनमधला नानचांगचा उठाव, म्हणून चिनी सैन्याच्या झेंड्यावर आजही आठ आणि एक हे दोन आकडे असतात, आठव्या महिन्याचा पहिला दिवस.

तुमच्याकडे या तारखेचं काही असेल तर द्या. आणि माझं काही चुकत असेल तर आवर्जून सांगा, वहीत चुकीचं राहिलेलं मला नको आहे.

शून्यप्रहर :

वाह, काय सुंदर धागा. टिळकांच्या नोंदीबद्दल एक सांगावंसं वाटतं. ते गेले ते रात्री साडेबाराच्या पुढे, म्हणजे ३१ जुलैची मध्यरात्र उलटून तासभरही झालेला नव्हता. तासभर आधी प्राण गेला असता तर पुण्यतिथी ३१ जुलै झाली असती आणि तुमच्या वहीतली ही जोडी जमलीच नसती.

पण माझा मुद्दा याहून पुढचा आहे. मध्यरात्री दिवस बदलतो हा इंग्रजी हिशोब. आपल्या पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला. म्हणजे त्या रात्री साडेबाराला घड्याळाप्रमाणे रविवार लागला असला तरी पंचांगाप्रमाणे शनिवारच चालू होता! आणि हे ज्यांच्या बाबतीत घडलं ते टिळक कोण, तर ज्यांनी वेदांचा काळ नक्षत्रांवरून काढायचा प्रयत्न केला, पंचांगशुद्धीसाठी आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली आणि ज्यांच्या नावाने आजही टिळक पंचांग निघतं तो माणूस. त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने ते शनिवारी गेले असं म्हणता येईल. मला हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

दिवस कधी सुरू होतो याचं जगात एकमत कधीच नव्हतं. ज्यू आणि इस्लामी पद्धतीत सूर्यास्ताला. खगोलवाल्यांचा तर दुपारी बाराला सुरू व्हायचा, कारण रात्रभर निरीक्षण करताना मध्येच तारीख बदलली की वहीत घोळ होतो. ही खगोलीय तारीख १९२५ पर्यंत अधिकृत पंचांगात चालली. ज्युलियन दिनांक म्हणून जो दिवसांचा सलग आकडा वापरतात तो अजूनही दुपारीच बदलतो.

चांदणचुरा :

+१. टिळकांचं आणि शनिवारचं कधीच डोक्यात आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

आकडेमोड :

धागा आवडला पण थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका रानवाट ताई.

वर्षात खाने ३६५, लीप धरून ३६६. इतिहासात नोंद झालेल्या घटना आणि माणसं लाखोंनी. मग कुठलाही खाना उघडला तरी तो भरलेलाच सापडणार. १ ऑगस्टच्या जागी १७ मार्च किंवा ९ नोव्हेंबर घेतला असता तरी अशीच जाडजूड वही झाली असती. आपल्याला योगायोग फार मोठा वाटतो कारण आपण गणित आपल्या बाजूने करतो. ते प्रसिद्ध वाढदिवसाचं कोडं आहे ना, एका खोलीत किती माणसं असली की दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते? लोक १८० वगैरे सांगतात. उत्तर आहे २३. कारण २३ माणसांत जोड्या होतात २५३, आणि प्रत्येक जोडीला संधी असते. ५७ माणसं झाली की ९९ टक्के. पण "माझ्याच" तारखेचा कोणी असावा अशी अट घातली तर निम्म्या शक्यतेसाठी २५३ माणसं लागतात. म्हणजे कुठलीही जोडी जुळणं सोपं, ठरवलेली जोडी जुळणं अवघड, आणि आपण पहिलं घडलं की दुसरं घडल्यासारखा आनंद करतो.

काही जुळण्यांमागे तर सरळ अपघात असतो. युरी गागारिन अंतराळात गेला १२ एप्रिल १९६१ ला. कोलंबिया हे पहिलं स्पेस शटल उडालं १२ एप्रिल १९८१ ला, बरोब्बर वीस वर्षांनी. लोकांना वाटतं अमेरिकेने मुद्दाम साधलं. प्रत्यक्षात उड्डाण १० तारखेला ठरलं होतं, यानातल्या कॉम्प्युटरांची आपसात वेळ जुळेना म्हणून दोन दिवस पुढे ढकललं गेलं.

त्यामुळे तारखेत अर्थ शोधू नये असं माझं मत.

रानवाट :

आकडेमोड, रागावायचं काय त्यात. गणित शंभर टक्के मान्य. पण मी तारखेत अर्थ शोधत नाहीये हो. १९२० ला टिळक गेले म्हणून अण्णा भाऊ जन्मले असं कोणीच म्हणत नाही. मला त्या तारखेचा उपयोग होतो तो खिडकीसारखा. एरवी मी हवामानाचा अंदाज छापणारा फिट्झरॉय, प्रीस्टली, वॉर्साचा उठाव, नानचांग हे सगळं कधी वाचलंच नसतं, कारण माझा विषय तो नाही. इतिहासाचं पुस्तक कारण आणि परिणाम अशा ओळीने नेतं, तारखेने शिरलं की भलतीच दारं उघडतात, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशी माणसं एका पानावर येतात आणि मग तुम्हाला प्रत्येकाकडे नीट बघावंच लागतं कारण आधीची ओळ पुढच्या ओळीचं काहीच समजावून देत नाही.

तारीख एकच असणं मला साधं वाटतं, पण वर्षही एकच असलं की मी अजूनही थांबते. १२ फेब्रुवारी १८०९ ला डार्विन आणि लिंकन दोघंही जन्मले, एक सुखवस्तू डॉक्टरच्या घरी आणि एक लाकडी खोपटात. ४ जुलै १८२६ ला जेफरसन आणि जॉन अॅडम्स दोघंही काही तासांच्या अंतराने गेले, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. गणित याचीही शक्यता काढेल, काढू दे, मला तरीही त्या दिवशीच्या सकाळची उत्सुकता वाटतेच.

जुनंपान :

मी जुन्या कागदपत्रांत रमणारा माणूस, त्यामुळे तारीख दिसली की पहिला प्रश्न, कुठल्या कॅलेंडरची? हा प्रश्न न विचारल्यामुळे दिनविशेषांच्या याद्यांमध्ये इतके घोळ आहेत की सांगता सोय नाही.

ताईंनी दिलेली १९१४ चीच नोंद घ्या. जर्मनीने युद्ध पुकारलं तेव्हा बर्लिनमध्ये १ ऑगस्ट होता. पण ज्या शहरात तो कागद रशियाच्या परराष्ट्रमंत्र्याच्या हातात दिला गेला त्या सेंट पीटर्सबर्गमध्ये तारीख होती १९ जुलै! रशिया तेव्हा जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर, तेरा दिवस मागे. त्यांनी बदल केला तो क्रांतीनंतर १९१८ ला, ३१ जानेवारीनंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी. म्हणूनच ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात साजरी व्हायची.

वहीत राणी अॅनचं मरण असेल तर तिथेही तेच. इंग्लंडची राणी अॅन १ ऑगस्ट १७१४ ला गेली आणि हॅनोव्हरचा जॉर्ज गादीवर आला. पण ज्या हॅनोव्हरला ही बातमी पोचायची होती तिथे त्या दिवशी १२ ऑगस्ट होता. इंग्लंड १७५२ ला सुधारलं, २ सप्टेंबरला झोपलेले लोक १४ सप्टेंबरला उठले.

आणि नाईलची लढाई, १ ऑगस्ट १७९८. अबुकीरच्या उपसागरात नेल्सनने नेपोलियनचं आरमार बुडवलं. इंग्रजांच्या रोजनिशीत १ ऑगस्ट. फ्रेंचांच्या क्रांतिकारी कॅलेंडरप्रमाणे मात्र तो सहाव्या वर्षाच्या थर्मिडॉर महिन्याचा १४ वा दिवस. दोन्ही बाजूंचे खलाशी एकाच पाण्यात वेगवेगळ्या तारखांना लढत होते.

सगळ्यात आवडती गंमत रोमन सम्राट क्लॉडियसची. त्याचा जन्म इसवी सनपूर्व १० मधला, गॉलमधल्या लुग्डुनममध्ये म्हणजे आजच्या लियाँला, आणि तारीख सगळीकडे १ ऑगस्ट देतात. पण तेव्हा ऑगस्ट नावाचा महिनाच नव्हता! त्या महिन्याचं नाव सेक्स्टिलिस, सहावा. ऑगस्टसच्या सन्मानार्थ नाव बदललं ते इसवी सनपूर्व ८ मध्ये, क्लॉडियस दोन वर्षांचा झाल्यावर. आणि नेमका हाच महिना का दिला, तर याच महिन्यात ऑगस्टसने अलेक्झांड्रिया जिंकली होती म्हणून.

आपल्याकडे शिवजन्माची तारीख १९ फेब्रुवारी १६३०, मूळ तिथी शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया. ती १९ फेब्रुवारी ज्युलियन आहे. आज आपण जे कॅलेंडर भिंतीवर लावतो त्या ग्रेगोरियनमध्ये मांडली तर दहा दिवस पुढे, १ मार्च १६३०. तिथीचा आणि तारखेचा वाद घालताना हा तिसरा आकडा कोणी काढतच नाही. तसंच गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला हे वाक्य. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, इटलीच्या नव्या कॅलेंडरने. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला, इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरने. एकाच कॅलेंडरवर आणलं की न्यूटनची तारीख होते ४ जानेवारी १६४३, आणि वर्ष जुळत नाही.

म्हणून विनंती, वहीत प्रत्येक नोंदीपुढे एक छोटा रकाना पाडा, कॅलेंडर कुठलं ते.

रानवाट :

बाप रे जुनंपान, हे सगळं मी आत्ताच उतरवून घेतेय. क्लॉडियस माझ्या वहीत होता आणि मी ऑगस्टच लिहिलं होतं! रकाना पाडते. अजून एक रकाना मीही घालणार आहे, तारीख कोणी आणि कधी ठरवली. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन १ ऑगस्ट, १२९१ च्या सनदेवरून. पण त्या सनदेत नेमका दिवसच नाही, ऑगस्ट महिन्याच्या आरंभी एवढंच लिहिलंय. १८९१ ला सहाशे वर्षांचा सोहळा करायचा होता तेव्हा १ तारीख धरली. आणि देशभर सुट्टी मिळायला लागली ती पार १९९४ पासून. म्हणजे सहाशे वर्षं त्या तारखेला कोणी ओळखत नव्हतं.

मृगधारा :

मी हवामानाचं वाचणारी, मला तुमच्या तारखेत घबाड सापडलंय.

१ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या टाइम्समध्ये हवामानाचा पहिला सार्वजनिक अंदाज छापून आला. देणारा रॉबर्ट फिट्झरॉय. हा तोच, डार्विन ज्या बीगल जहाजातून गेला त्याचा कप्तान. १८५९ च्या ऑक्टोबरात रॉयल चार्टर नावाचं जहाज वादळात फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं गेली, किनारा डोळ्यांना दिसत असताना. फिट्झरॉयच्या मनाला ते लागलं. तारायंत्र नुकतंच आलेलं, त्याचं म्हणणं असं की वादळ एका बंदरावर आलं की तार पुढच्या बंदराला वादळाच्या आधी पोचू शकते. मग त्याने बंदरांवरून रोजची निरीक्षणं तारेने मागवायला सुरुवात केली, धोक्याचे बावटे सुरू केले, आणि अंदाजाला जो इंग्रजी शब्द आज सगळे वापरतात तो त्यानेच रूढ केला, कारण त्याला भविष्यकथन हा शब्द नको होता. अंदाज चुकले की लोक तुटून पडायचे, शास्त्रज्ञही. पैसा संपलेला, तब्येत ढासळलेली, १८६५ च्या एप्रिलमध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्यामागे अंदाज काही वर्षं बंदच पडले होते. पण कोळ्यांना, खलाशांना त्याचे बावटे हवे होते, त्यांना त्यातला फायदा कळला होता.

आता याच तारखेचा दुसरा माणूस, लामार्क, जन्म १ ऑगस्ट १७४४. आपण त्याला ओळखतो ते जिराफाच्या मानेवरून, तेही बहुतेक चेष्टेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. या लामार्कने हवामानावर जीव तोडून काम केलं. ढगांचे प्रकार पाडून त्यांना नावं दिली, १८०२ ला, म्हणजे आज चालणारी नावं देणाऱ्या ल्यूक हॉवर्डच्याच सुमारास. लामार्कची नावं फ्रेंच होती, हॉवर्डची लॅटिन, टिकली लॅटिन. शिवाय लामार्क दरवर्षी हवामानाचं वार्षिक काढायचा, त्यात येत्या वर्षाचे अंदाज असायचे, दहा एक वर्षं काढलं त्याने. नेपोलियनने त्यावरून त्याचा पाणउतारा केला. शेवटी आंधळा आणि गरीब होऊन गेला.

म्हणजे हवामानाचा अंदाज छापून टीका झेललेली दोन माणसं. एक या तारखेला जन्मला, दुसऱ्याचा पहिला अंदाज या तारखेला छापला. आकडेमोड म्हणतील योगायोग, असूदे. पण ताई, तुमच्या वहीत हे दोघं शेजारी असावेत.

आणि प्रीस्टलीच्या नोंदीत एक शब्द वाढवा, त्या दिवशी ऊन होतं. भिंगाचा प्रयोग आहे, ढग असते तर तारीख दुसरी झाली असती. शेलेचं नावही लिहा. स्वीडनच्या या औषधवाल्याने तोच वायू दोनेक वर्षं आधी मिळवला होता, पण त्याचं पुस्तक छापून आलं १७७७ ला. त्यामुळे ही तारीख ऑक्सिजन सापडल्याची म्हणण्यापेक्षा प्रीस्टलीला सापडल्याची.

आकडेमोड :

मृगधारा, योगायोगच म्हणणार :) पण फिट्झरॉयचं वाचून गलबललो. हे माहीतच नव्हतं.

चांदणचुरा :

माझीही एक भर. मारिया मिचेल, १ ऑगस्ट १८१८, नॅन्टकेट बेटावर जन्म. बरोबर एक वर्षाने १ ऑगस्ट १८१९ ला हर्मन मेलव्हिल, ज्याच्या व्हेलच्या शिकारीच्या कादंबरीतलं जहाज त्याच नॅन्टकेटहून निघतं. मेलव्हिलने ते बेट प्रत्यक्ष पाहिलं कादंबरी छापून झाल्यावर, १८५२ ला, आणि तिथे मारियाला भेटलाही.

मारियाचं मला खास सांगायचंय कारण तिची सगळी गोष्ट तारखेवरच उभी आहे. १ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री साडेदहाला तिने गच्चीवरच्या दुर्बिणीतून धूमकेतू पाहिला. दुर्बिणीतून नवा धूमकेतू पहिल्यांदा शोधणाऱ्याला डेन्मार्कच्या राजाचं सुवर्णपदक होतं. रोममध्ये दे विको नावाच्या खगोलज्ञाने तोच धूमकेतू ३ तारखेला पाहिला, पण त्याची बातमी युरोपात आधी पोचली. मग नोंदवह्या तपासल्या गेल्या आणि दोन दिवसांच्या फरकाने पदक मारियाला मिळालं. पुढच्याच वर्षी अमेरिकन अकॅडमीने घेतलेली ती पहिली बाई, आणि नंतर व्हासार कॉलेजात प्राध्यापक.

मीना कुमारीचाही वाढदिवस १ ऑगस्ट ना? १९३३. तिला विसरू नका.

रानवाट :

मीना कुमारी पहिल्या पानावर आहे, तिला कशी विसरेन :)

पैलतीर :

सकाळपासून वाचतोय, आता लिहितो. या तारखेतली सगळ्यात मोठी नोंद अजून कोणीच घेतली नाही.

१ ऑगस्ट १८३४. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला. कायदा मंजूर झाला आदल्या वर्षी २८ ऑगस्टला, अंमल या तारखेपासून. सुमारे आठ लाख माणसं. पण यादीतली ही ओळ वाचून वाटतं त्या सकाळी बेड्या तुटल्या. तसं झालं नाही. सहा वर्षांखालची मुलं तेवढी लगेच मोकळी, बाकीच्यांना उमेदवारी म्हणून त्याच मालकाकडे आणखी चार ते सहा वर्षं बिनपगारी राबायचं. भरपाई दिली दोन कोटी पौंड, ती मालकांना. ज्यांनी पिढ्यानपिढ्या राबून घातलं त्यांना दमडी नाही. आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन, सेंट हेलेना हे त्या कायद्यातून वगळलेले.

त्या दिवशी त्रिनिदादमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला लोक गव्हर्नरच्या कचेरीसमोर जमले, त्यात म्हातारी माणसं बरीच, आणि फ्रेंचमध्ये ओरडत राहिले, सहा वर्षं नकोत, सहा वर्षं नकोत. शेवटी ही उमेदवारीच मुदतीआधी मोडीत निघाली, १ ऑगस्ट १८३८ ला. आदल्या रात्री जमैकात लोक प्रार्थनाघरात बसून मध्यरात्रीची वाट बघत होते. शून्यप्रहर यांनी ३१ जुलैच्या मध्यरात्रीचं लिहिलंय ना, मला लगेच ही रात्र आठवली. कोणासाठी त्या रात्रीचा एक ठोका म्हणजे सगळं आयुष्य.

म्हणून ताई, या नोंदीला दोन वर्षं लिहा, १८३४ आणि १८३८. एकच वर्ष लिहिलं तर त्या चार वर्षांच्या वेठीवर पडदा पडतो.

रानवाट :

पैलतीर दादा, माझ्याकडे फक्त १८३४ होतं. तेही एका ओळीत. मनापासून आभार, पूर्ण पान देते.

जुनंपान :

पैलतीर, अप्रतिम. १९४४ पण घ्या. दोन शहरं, एकच मंगळवार. वॉर्सामध्ये संध्याकाळी पाचला पोलिश भूमिगत सैन्याने उठाव केला, तो ६३ दिवस चालला आणि शेवटी चिरडला गेला. आजही १ ऑगस्टला संध्याकाळी पाचला तिथे भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसं, गाड्या आहे तिथे थांबतात. त्याच मंगळवारी अॅम्स्टरडॅममध्ये दडून बसलेली पंधरा वर्षांची अॅन फ्रँक डायरी लिहीत होती. ती डायरीतली शेवटची नोंद. त्यात निरोपाचं काही नाही, स्वतःच्या स्वभावाबद्दल लिहिलंय, आतली अॅन आणि बाहेरची अॅन. शुक्रवारी, ४ तारखेला, त्यांना पकडलं.

शून्यप्रहर :

आणि १९३६ ला याच तारखेला बर्लिनच्या स्टेडियममध्ये हिटलरने ऑलिंपिक सुरू झाल्याचं जाहीर केलं. तेव्हा अॅन सात वर्षांची. आठ वर्षांत कुठून कुठे.

चांदणचुरा :

हे वाचल्यावर काही लिहवत नाही.

रानवाट :

माझ्या वहीत ही नोंद "अॅन फ्रँकच्या डायरीची शेवटची नोंद, १९४४" अशी होती. आता बदलली. तिच्यासाठी त्या दिवशी ती शेवटची नव्हती, शेवटची हा शब्द नंतर आपण लावला. मी लिहिलंय, "मंगळवार, अॅनने स्वतःबद्दल लिहिलं." खाली वॉर्सा, पाच वाजता.

टिळकांची नोंदही नव्याने लिहिली. "शनिवारची रात्र, घड्याळाने रविवार, पहाट व्हायच्या आत." आणि अण्णा भाऊंच्या नोंदीपुढे वेळेचा रकाना रिकामाच ठेवलाय. सरदारगृहातल्या त्या रात्रीचा तास मिनिट लोकांनी जपून ठेवला, वाटेगावातल्या त्या घरात घड्याळ कुठून असणार.

पैलतीर :

हे शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ तसाच बसलो.

मृगधारा :

ताई, एक सुचवू? अण्णा भाऊंचं दुसरं पान पण उघडा, १८ जुलै. ते गेले १८ जुलै १९६९ ला, शुक्रवार. त्या आठवड्यात जगाचं लक्ष वरती लागलं होतं. अपोलो ११ निघालं होतं १६ ला, चंद्रावर उतरलं २० ला. म्हणजे अण्णा भाऊ गेले त्या दिवशी ती तीन माणसं पृथ्वी आणि चंद्राच्या मध्ये कुठेतरी वाटेवर होती.

आकडेमोड :

१८ जुलै १९१८, नेल्सन मंडेला जन्म. मी सुरुवात केली. कॅलेंडर ग्रेगोरियन, जुनंपान यांनी विचारायच्या आत सांगतो.

रानवाट :

नवी वही आणलीय. अपोलोची नोंद पहिल्या ओळीत, आणि त्याच्याच खाली अण्णा भाऊ.